तिसऱ्या खोक्यातला आवाज

१

फळीवर तीन खोके ओळीने ठेवलेले होते. तिन्ही एकसारखे, तपकिरी पुठ्ठ्याचे, वर अक्षरसुद्धा लिहिलेलं नाही. पहिल्या दोन खोक्यांच्या चिकटपट्ट्या जशाच्या तशा होत्या. तिसऱ्याची पट्टी धारदार पात्याने सरळ कापलेली होती आणि आत काहीच नव्हतं.

"सकाळी दहाला उचलला, तर हाताला हलका लागला," ल्युबेन म्हणाला. "बघतो तर पट्टी कापलेली, बिसेराताई."

बिसेरा दोनेवा ल्युबेनच्या कार-ऑडिओच्या वर्कशॉपवरून नजर फिरवत होती. बल्गेरियातल्या प्लोव्हदिव्ह शहराच्या पोलिसांत तिने चौदा वर्षं तपासाचं काम केलं होतं. आता ती विमा कंपन्यांसाठी गाड्यांच्या दाव्यांची छाननी करायची. आज मात्र विम्याचा संबंध नव्हता. तिला बोलावलं होतं अस्पारुहकाकांनी. तिच्या वडिलांची सगळी नोकरी त्यांच्या गुलाबतेलाच्या कारखान्यात झाली होती, त्यामुळे 'नाही' म्हणायचा प्रश्नच नव्हता.

समोरच्या टेबलावर चांदीच्या रंगाचे दोन अँप्लिफायर होते. त्यांच्या बाजूला मखमलीच्या पेटीत स्पीकरांची जोडी.

"हे सगळं काल इथेच होतं?"

"इथेच. त्या दोन अँप्लिफायरच्या पैशात एखाद्याची बरी गाडी येईल. चोराने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही."

"आणि गेलं ते?"

"काकांच्या गाडीतल्या जुन्या म्युझिक सिस्टीमचा मेंदू. बारा वर्षांचा. बाजारात कोणी फुकट घेणार नाही." ल्युबेनने केसांतून हात फिरवला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा गडी, पण आवाज रडवेला झाला होता. "त्याच्या आतल्या डिस्कवर एलिसावेताकाकूंचं गाणं होतं. एकुलतं एक. दुसरीकडे कुठेही नाही."

"कॉपी का नाही केलीस?"

"त्या गाडीत गाणं आत घालता येतं, बाहेर काढता येत नाही. कंपनीनेच कुलूप घातलंय. म्हणून इथे टेबलावर घेऊन, वायर जोडून, वाजवत वाजवत भरून घेणार होतो. मंगळवारी थोडं करून पाहिलं, जमत होतं. बाकीचं आज करणार होतो."

"कोणत्या खोक्यात काय आहे, हे कुणाला माहीत होतं?"

"मला. आणि काकांना, काकूंच्या बहिणीला, रायनामावशींना. मंगळवारी खोके भरताना दोघं इथेच होते. काकांनी विचारलं, 'आमची वेता कुठल्या खोक्यात आहे रे?' मी तिसऱ्यावर हात ठेवला."

"आज सकाळी कोण कोण आलं?"

"आठ वाजता रायनामावशी चीज भरलेली गरम बानित्सा घेऊन आल्या, नेहमीसारख्या. मग पोस्टमन. नऊला एकजण हॉर्न बदलायला. मी पुढच्या अंगणातच होतो, मागचं दार मात्र उघडं होतं."

बिसेराने कापलेली पट्टी उजेडात धरली. चिकट बाजूला एक फिकट पिवळी, चपटी बी अडकली होती. ल्युबेनच्या डब्यातली असेल, असं म्हणून तिने ती पट्टी पाकिटात टाकली. चोराने दोन खोक्यांना बोट न लावता नेमका तिसरा उघडला होता. म्हणजे चोर जवळचाच कुणीतरी होता.

२

अस्पारुह गेर्जिकोव्हच्या घराच्या जिन्यातच भाजलेल्या मिरच्यांचा वास भरला होता. सप्टेंबरात सगळ्या शहराला हाच वास असतो. गच्चीत रायना, एलिसावेताची थोरली बहीण, शेगडीवर लाल मिरच्या फिरवत होती. बहीण गेल्यापासून दोन वर्षं ती डोंगरातलं स्मोल्यान गाव सोडून इथे मेहुण्याचं घर सांभाळत होती. वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं, हात मात्र चपळ.

"ये गं, बस," ती म्हणाली. तिचा आवाज चाळणीतून खडे घोळवावेत तसा खरखरीत होता. चाळिशीत गळ्याची शस्त्रक्रिया झाली होती म्हणे. खुर्चीवरची कापडी पिशवी तिने उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. पिशवी जड दिसत होती.

अस्पारुहकाका खिडकीपाशी बसले होते. बिसेराने बोलायला सुरुवात केली तसा त्यांनी डावा कान पुढे केला.

"काका, सिस्टीम बदलायचं तुमच्या मनात आलं तरी कसं?"

"आवाज मंदावला गं. वर्षभरात. आधी वाटायचं, ती शेजारच्या सीटवर बसून गातेय. नंतर वाटायला लागलं, घोंगडीच्या आतून गातेय. मग शोरूममधला तो व्हेंत्सिस्लाव्ह म्हणाला, 'साहेब, नवी गाडी घ्या. कंपनीची सगळ्यात भारी सिस्टीम बसवूनच देतो, तेवीस स्पीकर.' ल्युबेन म्हणाला, 'काका, कंपनीची सिस्टीम म्हणजे दुकानातला तयार कोट. भारी कापडाचा असला तरी सरासरी माणसाच्या मापाचा. मी तुमच्या अंगावर माप घेऊन शिवतो.' दोन महिने दोघांनी माझं डोकं खाल्लं."

"आणि तुम्ही ल्युबेनचं ऐकलंत."

"नव्या गाडीत ते गाणं गेलं नसतं ना! म्हणून जुनीच गाडी ठेवली आणि म्हटलं, कर बाबा तुझी शिलाई." ते हसले, पण हसू लगेच विझलं. "एकोणऐंशी सालची टेप ती. स्मोल्यानच्या गायन मंडळाच्या तळघरात पाणी शिरलं आणि सगळ्या टेपा सडल्या. त्याआधी कुणीतरी एक सीडी करून दिली होती, ती मी गाडीत चढवली. मग सीडी उन्हात ठेवून वाया घालवली. माझीच अक्कल."

"त्या वस्तूची किंमत किती धरायची, काका? तक्रारीत लिहावी लागेल."

हा प्रश्न आपण विचारला, याचा बिसेराला पुढे फार पस्तावा झाला. जुनी सवय. विमा कंपन्या आधी किंमतच विचारतात.

काकांनी तोंड खिडकीकडे वळवलं. गच्चीतून रायना म्हणाली, "काय लिहायचं ते लिही. त्याला किंमत विचारू नकोस."

"तुमचं कुणाशी वाकडं, काका?"

"वाकडं नाही. पण सोमवारी व्हेंत्सिस्लाव्हचा फोन आला होता. म्हणाला, 'साहेब, ती सिस्टीम उपसून काढलीत तर जन्मभर हळहळाल.'"

३

"हो, म्हणालो मी तसं," व्हेंत्सिस्लाव्ह पोप्चेव्हने लगेच कबूल केलं. गुरुवारची सकाळ होती. शोरूमच्या काचेपलीकडे काळी, लांबलचक नवी गाडी उभी होती आणि त्याने बिसेराला तिच्यातच बसवलं होतं. "दार लावा, ताई. ऐका."

सेलोचे सूर असे उमटले की ते नेमके कुठल्या स्पीकरमधून येतात ते कळेना.

"तीन वर्षं माणसं याच आसनावर बसून, याच काचा, याच चामड्याचा हिशेब करून आवाज बसवतात. आणि मग कुणीतरी येतो, दारं उघडतो, भोकं पाडतो, वायरी कापतो! गाडीचा मेंदू आणि सिस्टीमचा मेंदू एकमेकांत गुंतलेले असतात. उद्या इशाऱ्याची घंटी वाजली नाही म्हणजे? वॉरंटी तर गेलीच."

"काकांच्या गाडीची वॉरंटी संपून जमाना झाला. तुम्हाला नवी गाडी खपवायची होती."

"होतीच की! मी गाड्या विकतो, कीर्तन करत नाही." तो जरा ओशाळला. "पण ल्युबेनच्या वर्कशॉपमध्ये मी आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही. खोके तीन होते की तेरा, मला काय ठाऊक?"

बिसेराने खोक्यांचा विषय काढला नव्हता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"काकांनीच काल फोनवर सांगितलं," तो घाईने म्हणाला. "म्हणाले, 'तीन खोक्यांतून नेमका तोच गेला, तुझी जीभच काळी बघ.' विचारा त्यांना. आणि माझ्यामागे लागण्याआधी ल्युबेनला एक विचारा. ऑगस्टमध्ये आमच्या मेकॅनिकने ती जुनी सिस्टीम मीटर लावून तपासली होती. एक स्पीकर फाटलेला नाही, एक तार सैल नाही. पहिल्या दिवसासारखी ठणठणीत. मग ल्युबेनने दुरुस्त काय करायला घेतलं होतं?"

बिसेरा गाडीतून उतरली, तेव्हा सेलो अजून वाजतच होता. दोन महिने जी वस्तू बिघडली म्हणून सगळे हळहळत होते, ती बिघडलेलीच नव्हती.

४

ल्युबेनने फारशी टाळाटाळ केली नाही. स्टुलावर बसला आणि हातांकडे बघत बोलला.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी गाडीत मापं घेतली. वरचे सूर स्वच्छ येत होते. मग काकांना एकेक सूर वाजवून दाखवला, ऐकू आला की बोट वर करा म्हटलं. एका जागेपासून पुढे त्यांचं बोट वर गेलंच नाही."

"म्हणजे घोंगडी गाडीत नव्हती."

"त्यांच्या कानात होती. बहात्तर वर्षांच्या माणसाचं होतंच की तसं. जुन्याच सिस्टीमचे वरचे सूर थोडे वाढवले असते तर पाच मिनिटांत काम झालं असतं. नाहीतर कानाच्या डॉक्टरकडे पाठवायचं." त्याने मान खाली घातली. "पण काकांना तोंडावर 'तुम्ही म्हातारे झालात' म्हणायला जीभ रेटेना. आणि... खोटं कशाला बोलू, असं काम वर्षातून एखादंच येतं. म्हटलं, नवी बसवू, त्यांच्या कानांच्या मापाने शिवू, खूश होतील. मी खरं बोललो असतो तर ते यंत्र गाडीतून निघालंच नसतं, ताई."

बिसेरा त्याच्यावर चिडणार होती, पण त्याचा चेहरा बघून तिचा राग उतरला. चोरी त्याची नव्हती. गाणं नष्ट करायचं असतं तर एक बटण दाबून पुसता आलं असतं. खोका रिकामा करून बोंब कशाला ठोकली असती?

"मंगळवारी थोडं भरून पाहिलंस म्हणालास. ते कुठे आहे?"

"शेवटचं अर्धं मिनिट आहे. टाळ्यांचा भाग मुद्दाम घेतला, सगळ्यात मोठा आवाज तिथेच असतो."

त्याने मोठ्या स्पीकरांवर लावलं. आधी एका बाईचा लांबलेला शेवटचा स्वर आला. डोंगरावरून खालच्या घरांना हाक घालावी तसा, न थरथरता. बिसेरा स्पीकरकडे सरकली. मग स्वर थांबला आणि टाळ्या सुरू झाल्या. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं.

"थांब. पुन्हा लाव. टाळ्यांच्या मागे कोणी बोलतंय."

ल्युबेनने वरचे सूर थोडे उचलले. टाळ्यांच्या आडून एका पुरुषाचा, बहुधा मंडळाच्या संचालकाचा, आवाज आला, थकलेला, खूश: "ब्राव्हो, रायना! ब्राव्हो, पोरी!"

ल्युबेनने तेवढाच तुकडा पुन्हा लावला; नाव तेच होतं.

"मंगळवारी हे वाजवलंस तेव्हा इथे कोण होतं?"

"काका बाहेर सिगारेट ओढत होते." ल्युबेनचा चेहरा पडत चालला होता. "रायनामावशी याच खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, 'गाडीतसुद्धा असंच सगळं ऐकू येईल?' आणि मी शहाणा, छाती फुगवून म्हणालो, 'मावशी, टाचणी पडली तरी काकांना ऐकू येईल.'"

बिसेराने पाकिटातली चिकटपट्टी काढली. त्या बीकडे आता तिने नीट पाहिलं. मिरचीची बी. प्लोव्हदिव्हमध्ये या दिवसांत कुणाच्याही हाताला चिकटलेली असेल, तेवढ्यावरून कुणी दोषी ठरत नाही. पण कालची ती खुर्ची तिला आठवली. तिच्यासाठी रिकामी केलेली खुर्ची, आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवलेली जड पिशवी.

५

अस्पारुहकाका चौकात सोंगट्या खेळायला गेले होते. रायना स्वयंपाकघरात मिरच्यांची सालं सोलत होती. बिसेराने दार लोटलं आणि समोर बसली.

"मावशी, पिशवी कुठे आहे?"

रायनाने छोटी सुरी खाली ठेवली. एवढंच. नाकारलं नाही, रडली नाही.

"कळलं तुला? मला वाटलंच होतं, तू हुशार आहेस. तुझा बापही असाच होता, कोपऱ्यात बसून सगळं बघायचा."

"ते गाणं तुमचं आहे."

"माझं होतं." तिने एप्रनला बोटं पुसली. "एकोणऐंशीत तो आमच्या गावाकडे यंत्रं बसवायला आला होता. तालमीच्या वेळी बाहेरच्या ओट्यावर बसून ऐकायचा. त्या दिवशी आम्ही दोघी बाहेर आलो, तर समोर उभा. म्हणाला, 'आत गात होतं कोण?' वेता तीन दिवस त्याच्याकडे चोरून बघत होती, मान वर करायची हिंमत नव्हती पोरीची. मी तिच्याकडे बोट केलं. म्हटलं, ही."

"का?"

"पंचवीस-तिशीचं वय होतं गं. वाटलं, आवाज काय, माझ्याकडे पुष्कळ आहे. एक गाणं धाकटीला दिलं म्हणून कमी थोडंच होणार आहे." ती खरखरीत हसली. "पुढे गळाच गेला. पण दिलेलं परत कसं मागायचं? वेताने संसार चांगला केला. तो रोज गाडीत तिचं म्हणून ते ऐकायचा. आणि आता हा ल्युबेन म्हणतो, टाचणीसुद्धा ऐकू येईल! टाळ्यांमागे माझं नाव आहे हे मला पंचेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं. मेलेल्या बहिणीला मी त्याच्यासमोर खोटी पडू देऊ?"

"यंत्र कुठे आहे, मावशी? अजूनही ल्युबेन ते—"

"मारित्सा नदीत. आज सकाळी पायपुलावरून सोडलं."

बिसेरा अर्धवट उठली. "काल मी आले तेव्हा..."

"तेव्हा पिशवीत होतं. कालच टाकायचं होतं, पण हात होईना. म्हटलं, एक दिवस राहू दे जवळ. मुका डबाच तो, काही वाजणार नव्हतं. तरी मांडीवर घेऊन बसले होते." तिने पुन्हा मिरची उचलली. "माझाही आवाज दुसरीकडे कुठे नाही गं."

दारात काठी टेकल्याचा आवाज झाला. अस्पारुहकाका उभे होते. कधी आले कुणास ठाऊक. त्यांचे कान अधू झाले होते, पण ते दोन हातांच्या अंतरावर उभे होते आणि त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं, हे चेहऱ्यावरून दिसत होतं.

रायना उठायला लागली. त्यांनी हातानेच तिला बसवलं.

"रायना," ते म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"लग्नाच्या आदल्या दिवशी वेताने सांगितलं. ढसाढसा रडत. म्हणाली, 'गाणारी मी नाही, ताई आहे. आता तुम्हाला जायचं तर जा.' मी म्हटलं, कुठे जाऊ? तोवर जीव जडला होता, तिच्यावरच. मग तिने शपथ घातली. 'ताईला कधी कळू देऊ नका, की तुम्हाला ठाऊक आहे. तिने एवढं मोठं दिलंय मला, ते फुकट गेलं असं तिला वाटायला नको.'" त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "पंचेचाळीस वर्षं पाळली गं शपथ. वेता गेल्यावरही पाळली."

"मग रोज गाडीत..." रायनाने वर पाहिलं. "तू कुणाला ऐकायचास?"

काका आता खुर्चीवर बसले.

"तुलाच," ते म्हणाले. "वेताची आठवण वेगळी, ती घरभर आहे. गाडीत मी तुझं गाणं ऐकायचो. तो आवाज मला नीट ऐकायचा होता एकदा. मरायच्या आधी."

रायनाने सोललेली मिरची ताटलीत ठेवली आणि तोंडावर हात घेतला. बिसेरा हळूच उठून जिना उतरली.

खाली रस्त्यावर आल्यावर ती कठड्यावर बसली. बुधवारी दुपारी ते यंत्र तिच्यापासून दहा पावलांवर होतं. ज्याची चोरी झाली त्यालाच एक साधा प्रश्न विचारायला हवा होता: काका, हे गाणं तुमच्या लेखी काय आहे? तिने किंमत विचारली होती.

६

पुलाखालच्या गाळात दोन पाणबुडे शनिवारी उतरले. त्यांना एक सायकल सापडली आणि दोन टायर. ल्युबेनने त्याच्याकडचं अर्धं मिनिट शक्य तितकं स्वच्छ करून दिलं. काकांनी ते ऐकलं, एकदाच. मग ते म्हणाले, "एवढ्यात तर ती थांबतेच." परत लावायला सांगितलं नाही. ल्युबेनने जुनी सिस्टीम काढल्याचे पैसे घेतले नाहीत आणि काकांच्या गाडीची दारं होती तशी बंद करून दिली. कानाच्या डॉक्टरचा पत्ताही दिला, पण तो कागद कितीतरी दिवस घडीतच राहिला.

रायना ऑक्टोबरात स्मोल्यानला परत गेली. काकांनी राहा म्हणून सांगितलं, ती थांबली नाही. बिसेराने तिला बसवर सोडलं. बस लागेपर्यंत दोघी बोलल्या त्या फक्त मिरच्यांबद्दल. बरण्या किती भरल्या, झाकणं नीट बसली की नाही. बस सुटताना रायनाने खिडकीतून हात काढला आणि म्हणाली, "त्याला सांग..." आणि पुढे नुसतीच मान हलवली.

वसंतात काकांनी जुनी गाडी विकली. नवी घ्यायला बिसेराच त्यांना शोरूममध्ये घेऊन गेली. व्हेंत्सिस्लाव्ह फार मऊपणाने बोलत होता. झालेलं त्याच्याही कानावर गेलं होतं. रंग झाला, चामडं झालं, चाकं झाली. मग तो कागदावरच्या शेवटच्या ओळीशी येऊन अडखळला.

"साहेब, म्युझिक सिस्टीम... कंपनीची मोठी घालू? की साधी ठेवून नंतर बाहेरून काही बसवून घेणार?"

काका खिडकीबाहेर बघत होते. त्याने प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्याने.

"ऐकलं रे मी," काका म्हणाले. "जी येते ती असू दे. बातम्या कळल्या म्हणजे झालं."

व्हेंत्सिस्लाव्हने ती ओळ खोडली आणि सहीसाठी पेन पुढे केलं.